पत्ता खालून वाचायचा

गेल्या महिन्यात आमच्या मामांचे ६३,४०० रुपये गेले. त्यानंतर बरोब्बर अकराव्या दिवशी आणखी जाणार होते, ते वाचले. पहिले कसे गेले आणि दुसरे कसे वाचले हे एकदा नीट लिहून काढायचं असं तेव्हापासनं डोक्यात आहे, आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, बसलेय लिहायला. मामांना विचारलंय, ते म्हणाले लिही बिनधास्त, फक्त माझं नाव घालू नको. मी सांगलीत शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आठवी ते दहावी, सायबरमधली कुणी मोठी जाणकार नाही, आणि खाली जे लिहिणारे ते करायला तसं कुणी असावंही लागत नाही, एक फोन आणि थोडा धीर पुरतो.

मामा तासगावला असतात, एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झाले, घरात ते आणि मामी दोघंच. रविवारी रात्री त्यांना शेजारच्या किराणा दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवरनं एक फाईल आली, नाव आरटीओ ई-चलान आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकायची फाईल, खाली मेसेज की तुमच्या गाडीचं चलान झालंय, फोटो फाईलमध्ये बघा. मामांची स्कूटर आहे, दोन दिवसांपूर्वीच ते सांगलीला येऊन गेलेले, त्यांना वाटलं सिग्नलला काहीतरी चुकलं असणार. फाईल दाबली, फोननं सांगितलं की हे अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, टाकायचं का, मामांनी हो केलं, मग त्या ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली, मग दंडाची खात्री करायला एक रुपया भरा म्हणून पान आलं, त्यात कार्डाचा नंबर, तारीख, पिन, सगळं भरलं. पान गोल गोल फिरत राहिलं आणि बंद पडलं. ॲपचं चिन्हही स्क्रीनवरनं गायब. मामा झोपले.

सकाळी सातला दूधवाल्याला पैसे पाठवताना फोन म्हणाला खात्यात पुरेशी रक्कम नाही, तेव्हा कळलं. पहाटे चारच्या पुढं तीन वेळा पैसे गेले होते, २४,९९९, परत २४,९९९ आणि शेवटी १३,४०२. मेसेज एकही दिसला नव्हता कारण येणारे मेसेज ते ॲप परस्पर उचलून पुढं पाठवत होतं. कार्डाचा नंबर आणि पिन त्यांच्याकडं होताच, ओटीपीही मिळाला, मग मामांच्या नावानं नेटबँकिंग चालू करून तीन वेगवेगळ्या खात्यांत रकमा वळवल्या. आणि तो किराणा दुकानदार बिचारा, त्यानं काही पाठवलंच नव्हतं, त्याच्याही फोनमध्ये आदल्या दिवशी हेच शिरलेलं, तिथनं त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना आपोआप गेलं. म्हणून ओळखीच्या नंबरावरनं आलंय म्हणजे ठीक असणार हा जो आपला भरवसा असतो, तो इथं चालत नाही. फोन ओळखीचा असतो, पाठवणारा कोण असेल सांगता येत नाही. सरकारी चलान खरंच झालं असेल तर आपण स्वतः ई-चलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन उघडून गाडीचा नंबर टाकून बघता येतं, त्यासाठी कुणी पाठवलेली फाईल उघडायची गरज कधीच पडत नाही.

मामांनी मामींच्या फोनवरनं मला साडेसातला फोन केला, आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं मामींनाच काहीतरी झालंय. मी म्हटलं मामा, तुमच्या फोनला आता हात लावू नका, फक्त ते विमानाचं चिन्ह आहे ना वर, ते दाबा आणि फोन बाजूला ठेवा, काही डिलीट करू नका, रिसेट तर अजिबात नाही. मग मी माझ्या फोनवरनं १९३० लावला आणि मामांना लाईनवर घेतलं. हा नंबर केंद्रीय गृहखात्याच्या व्यवस्थेचा आहे, पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठीच, आणि यात तुम्ही तक्रार दिली की ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेला सिस्टिममधनं कळवलं जातं, पैसे तिथं शिल्लक असतील तर तिथंच अडवले जातात. ते विचारतात खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर, तो आधीच कागदावर लिहून हाताशी ठेवावा, आम्हाला तो शोधण्यातच दहा मिनिटं गेली. संपर्कासाठी मी माझा नंबर दिला, कारण मामांचा फोन बंद होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणारे.

पहिल्या दोन रकमा एव्हाना एटीएममधनं काढून झालेल्या होत्या. शेवटचे १३,४०२ त्या खात्यात पडून होते, ते अडकले, म्हणजे आपल्या बाजूनं अडकले, त्यांना काढता येईनात.

बँकेच्या शाखेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले तुम्ही स्वतःच ॲप टाकलंत, आता आम्ही काय करणार. मामा तिथं खुर्चीत बसले होते आणि खाली बघत होते, मला फार वाईट वाटलं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात गिऱ्हाइकाच्या चुकीनं पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान गिऱ्हाइकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असं स्पष्ट आहे. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर आली पाहिजे, तोंडी सांगून घरी यायचं नाही. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली, त्यावर शिक्क्यासकट वेळ लिहून घेतली. तेवढ्यानं गेलेले पैसे येत नाहीत, पण उद्या आणखी काही गेलं तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं हे त्या पोचेवर ठरतं.

त्या रात्री मी ती फाईल घेऊन बसले. फोनवर उघडायची नाही, लॅपटॉपवर फक्त कॉपी केली आणि तिचा हॅश काढला. हॅश म्हणजे काय हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, समजावून सांगत होते तेव्हा एक गंमतच झाली. आप्पा मिरजेला आरएमएसमध्ये होते, रेल्वेची डाक, उभा जन्म पत्रं सॉर्ट करण्यात गेला. मी म्हटलं फाईल कितीही मोठी असली तरी गणित करून तिचा एक ठरावीक लांबीचा आकडा निघतो, फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा सगळा बदलतो. आप्पा म्हणाले मग हे लाखेचं सील झालं की, आम्ही डाकेच्या थैलीला सुतळी बांधून लाख लावून ठसा मारायचो, पुढच्या स्टेशनवर घेणारा आधी सील बघणार, सील फुटलं असेल तर थैली तशीच घ्यायची नाही, आधी रिपोर्ट. अगदी तेच. आणि १ जुलै २०२४ पासनं जो नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय त्याच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये हा हॅश लिहायची जागाच दिलेली आहे, म्हणजे कोर्टात डिजिटल पुरावा देताना लाखेचं सील सरकारनंच मागितलंय. म्हणूनच मी मामांना रिसेट करू नका म्हटलं होतं. घाबरून फोन फॉरमॅट करणारे फार जण आहेत, आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

तो हॅश व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकला, तिथं साठ-सत्तर अँटिव्हायरस एका फाईलकडं एकदम बघतात, बऱ्याच जणांनी लाल दाखवलं, मेसेज चोरणारं आणि बँकेचा तपशील काढणारं म्हणून. म्हणजे ही फाईल आधीच कुणीतरी कुठंतरी तपासायला टाकलेली होती. फक्त एक सांगते, तिथं स्वतःची आधार, पगारपत्रक, करारनामा असली खाजगी फाईल चढवू नका, चढवलेली फाईल पैसे भरणाऱ्या इतर सदस्यांना उतरवून घेता येते. हॅश टाकून शोधायला मात्र काहीच हरकत नाही.

आता अकरावा दिवस.

दुपारी मामींच्या फोनवर व्हॉट्सॲप कॉल आला. बोलणारा शुद्ध मराठीत, अतिशय नम्र, काका म्हणूनच बोलत होता, म्हणाला मी सांगली पोलीस आयुक्तालयातनं बोलतोय, सायबर विभाग, तुमची पूर्ण रक्कम ६३,४०० परत मंजूर झालीय, फक्त प्रोसेसिंगचे २,५०० भरायचेत, लिंक पाठवलीय त्यात स्टेटस बघा. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मामांचं नाव, तासगाव, एसटीतनं रिटायर, गेलेली रक्कम रुपयासकट, सगळं त्याला माहिती. मामा मला फोनवर म्हणाले, अगं पोरी, पोलीसच असणार, नाहीतर एवढं सगळं कुणाला माहिती असेल?

हाच प्रश्न मला दिवसभर पुरला. एवढं सगळं कुणाला माहिती असेल, आणि कुठनं?

पहिला धागा नंबरचा. तक्रारीत नंबर माझा होता. पोलिसांनी फोन केला असता तर मला केला असता. मामींचा नंबर ना तक्रारीत, ना बँकेच्या अर्जात. मग तो कुठं लिहिला गेलाय? मामा म्हणाले कुठंच नाही. मी त्यांचं फेसबुक उघडायला लावलं आणि स्क्रोल करत बसले, तर सापडलं. फसवणुकीबद्दलच्या एका बातमीखाली मामांनी चौथ्या दिवशी मामींच्या फोनवरनं कॉमेंट केली होती, मी जशीच्या तशी देते, फक्त आकडे गाळते: माझे पण असेच ६३४०० गेले साहेब कोणी मदत करेल का मी तासगाव रिटायर एसटी माझा फोन बंद आहे मिसेसच्या नंबरवर करा, आणि पुढं नंबर. खाली दोन जणांनी लिहिलेलं, काका इनबॉक्स बघा, आमचे पैसे या सरांनी परत मिळवून दिले. ती दोन्ही प्रोफाइलं उघडली तर मित्र जवळजवळ शून्य आणि सगळीकडं हीच कॉमेंट, वेगवेगळ्या बातम्यांखाली, शब्द न शब्द तीच.

मामा ते बघून काही बोललेच नाहीत. मदत मागितली होती त्यांनी, दुसरं काही नाही. आणि अशी मदत मागणारी माणसं शोधत फिरणारे लोक आहेत, एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा लवकर फसतो हे त्यांना पक्कं माहितीये. मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं की आपण ज्याला ऑनलाइन शोध घेणं म्हणतो ते दोन्ही बाजूंनी चालू असतं. आपण त्यांचा पत्ता वाचायला शिकायच्या आत त्यांनी आपला वाचलेला असतो.

मग आम्ही त्यांचा वाचायला घेतला. लिंक अशी होती, मी इथं शेवटचं नाव मुद्दाम बदलून लिहितेय: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट टॉप, त्यापुढं तिरकी रेघ आणि स्टेटस. मामांचं बोट जीओव्ही डॉट इन वर. बघ की सरकारीच आहे. आप्पा शेजारी बसले होते, ते म्हणाले थांब जरा, हे कुठल्या बाजूनं वाचायचं? म्हटलं आप्पा, उजवीकडनं, त्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडनं सुरू करून डावीकडं यायचं. आप्पा एकदम सरसावून बसले. म्हणाले म्हणजे पाकिटासारखंच, आम्ही काय वरनं वाचायचो का? सॉर्टिंगला बसलं की माणसाचं नाव, घराचं नाव, गल्ली, ह्यातलं काही बघायचं नाही, सगळ्यात खाली पिनकोड, त्याचा पहिला आकडा, मग पुढचे दोन, थैली ठरली. वर कुणी कितीही मोठ्या अक्षरात राष्ट्रपती भवन लिहू दे, खाली ४१६४१६ असेल तर ते पाकीट सांगलीलाच येणार.

इतकं सोपं करून मला आजवर वर्गात सांगता आलेलं नव्हतं. शेवटचा तुकडा टॉप, त्याच्या डावीकडं अमुकतमुक, हे दोन मिळून खरा मालक ठरतो, त्याच्याही डावीकडं त्या मालकाला जे वाटेल ते लिहिता येतं, सायबरक्राइम लिहील, जीओव्ही लिहील, कुणी अडवत नाही, घराला राष्ट्रपती भवन नाव दिल्यासारखं. खरी सरकारी साइट सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन इथंच संपते, इन नंतर तिरकी रेघ येते किंवा काहीच येत नाही. बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेनं आता हे आणखी सोपं केलंय, बँकांना आपली नेटबँकिंगची साइट डॉट बँक डॉट इन वर न्यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती, आणि ते नाव बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

पिनकोडचा विषय निघाला म्हणून आप्पांनी अभिमानानं सांगितलं ते इथं लिहितेच, पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला आणि तो बसवला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, दळणवळण खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं भरपूर, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि अक्षर न लागणारं, म्हणून सहा आकडे. इंटरनेटची नावं काढणाऱ्यांपुढं साधारण असाच प्रश्न होता आणि उत्तरही साधारण तसंच निघालं, मोठ्याकडनं लहानाकडं जायचं.

पत्त्याशेजारी दिसतं त्या कुलपाचं काय, मामांनी विचारलं, कारण त्यांना कुणीतरी सांगितलेलं की कुलूप दिसलं की साइट सुरक्षित. हा गैरसमज फार पसरलाय. ते कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत मधे कुणाला वाचता येणार नाही. पलीकडं चोर बसला असेल तर तुमचा पिन त्याच्यापर्यंत अगदी सुरक्षित पोचतो. ते सर्टिफिकेट फुकट मिळतं, दोन मिनिटांत, म्हणून क्रोमनं तर २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

मग साइटच्या त्या नावाचं जन्मवर्ष बघितलं, म्हणजे वर्ष कसलं, दिवस. हूइज म्हणून नोंद असते, कुठलंही नाव कधी घेतलं, कुणामार्फत घेतलं हे तिथं दिसतं. मालकाचं नाव आता बहुतेक झाकलेलं असतं, युरोपचा खाजगीपणाचा कायदा २०१८ ला लागू झाल्यापासनं, पण मला मालकाचं नाव हवंच नव्हतं. तारीख पुरली. नऊ दिवसांपूर्वी घेतलेलं नाव. मामांचे पैसे गेल्यावर दोन दिवसांनी ही साइट जन्मली होती आणि ती म्हणत होती आम्ही पोलीस आहोत.

ओळखपत्रावरचा फोटो गुगल लेन्सला दिला तर तोच माणूस, तोच निळा शर्ट, फोटो विकणाऱ्या साइटवर आणि परदेशातल्या एका दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत. पण खरं सांगू का, त्या आधीच आप्पांनी निकाल लावला होता. ओळखपत्रावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, पोलीस आयुक्तालय, सांगली. आप्पा म्हणाले सांगलीला आयुक्त कुठनं आले, इथं एसपी ऑफिस आहे, जिल्हा पोलीस अधीक्षक. लॅपटॉपवर हूइज आणि लेन्स उघडून बसलेली मी, आणि मला ते दिसलंच नव्हतं. मला वाटतं या कामात हेच सगळ्यात मोलाचं असतं, आपल्या गावाची, आपल्या खात्याची माहिती, ती कुठल्या टूलमध्ये नसते.

जगातली मोठमोठी कामंही अशाच बारीक बघण्यातनं झालीत. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर मलेशियाचं एमएच १७ विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली, तेव्हा बेलिंगकॅट नावाच्या गटानं, जो काही दिवसांपूर्वीच सुरू झाला होता, लोकांनी रस्त्यावर काढून टाकलेले व्हिडिओ गोळा केले. त्यात बुक जातीचं क्षेपणास्त्र वाहून नेणारी गाडी दिसत होती. मग सावल्या बघून वेळ काढणं, मागचं दुकान आणि खांब जुळवून जागा काढणं, गाडीच्या बाजूचे पोचे आणि रंगाचे डाग जुन्या व्हिडिओतल्या गाडीशी ताडून बघणं, महिनोन्महिने. मे २०१८ मध्ये अधिकृत आंतरराष्ट्रीय तपास पथकानंही सांगितलं की क्षेपणास्त्राची ती गाडी रशियाच्या कुर्स्कमधल्या ५३ व्या ब्रिगेडची होती, आणि नोव्हेंबर २०२२ ला नेदरलँड्सच्या कोर्टानं तिघांना दोषी ठरवलं. हे मी मुलांना दरवर्षी सांगते. सगळं उघड्यावर पडलेलं होतं, कुणाचंही खातं फोडावं लागलं नाही.

पण थांबायचं कुठं हेही सांगते, कारण त्या संध्याकाळी आमच्या घरात त्यावरनं भांडण झालं. मामेभाऊ पुण्याहून आलेला, रागानं लाल. त्यानं ज्या खात्यांत पैसे गेले त्यातल्या एकाचं नाव आणि शाखा काढली, शाखा काढणं अवघड नसतं, आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बँक सांगतात, मग एक शून्य, शेवटची सहा शाखा. मग त्या नावाचा एक मुलगा त्याला इन्स्टावर सापडला आणि तो म्हणाला ताई, हाच चोर, मी याचा फोटो सगळीकडं टाकतो. मी म्हटलं टाकू नको. एक तर त्या नावाची शंभर माणसं असतील. दुसरं, खातं ज्याच्या नावावर असतं तो बऱ्याचदा चोर नसतोच, चार-पाच हजारासाठी कुणीतरी आपलं पासबुक आणि सिम भाड्यानं दिलेलं असतं, कधी त्यालाही ठाऊक नसतं. २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट नावाच्या चर्चेच्या साइटवर हजारो लोक असेच फोटो बघून आरोपी शोधत होते, त्यांनी एका बेपत्ता कॉलेजच्या मुलाकडं बोट दाखवलं, त्याच्या घरच्यांनी काय काय सोसलं असेल, आणि नंतर कळलं तो मुलगा त्या आधीच वारलेला होता. रेडिटला जाहीर माफी मागावी लागली. मामेभाऊ ऐकून गप्प बसला, पण तासभर माझ्याशी बोलला नाही. ती नावं आणि खाती आम्ही तक्रारीला जोडून पोलिसांना दिली, आमचं काम तिथंपर्यंत. त्यांच्या साइटवर पासवर्ड मारून आत शिरायचा प्रयत्नही करायचा नाही, समोरचा चोर असला तरी आयटी ॲक्टच्या कलम ६६ खाली तो आपलाही गुन्हा होतो.

आणि आयपी ॲड्रेस, म्हणजे फोनला इंटरनेटवर मिळणारा आकडी पत्ता, मिळाला की घर सापडलं असं मुलांना फार वाटतं. नाही सापडत. मोबाईल कंपन्या एकच आयपी एकाच वेळी कित्येक ग्राहकांना वाटून देतात, त्यामुळं कंपनीला तारीख आणि सेकंदासकट वेळ, आणि पोर्ट नंबर दिला तरच ती आपल्या नोंदीतनं माणूस शोधू शकते, आणि ती नोंद मागायचा अधिकार पोलिसांना, आपल्याला नाही. आपण वेळ नीट टिपून ठेवायची, स्क्रीनशॉटमध्ये घड्याळ आणि पूर्ण पत्ता दिसला पाहिजे, अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट काही कामाचा नसतो.

दुसऱ्या दिवशी मी मामांसमोर बसून मामांनाच शोधलं. त्यांचं पूर्ण नाव अवतरण चिन्हात टाकून, मग गावाबरोबर, मग फोन नंबर. जे निघालं ते सगळं कागदावर लिहून काढलं, म्हणजे त्यांना एका ठिकाणी दिसावं. वाढदिवसाच्या शुभेच्छांवरनं जन्मतारीख. नव्या स्कूटरला हार घातलेला फोटो, त्यात नंबरप्लेट अगदी वाचता येण्यासारखी. निवृत्तांच्या मेळाव्याच्या यादीची पीडीएफ, त्यात नाव, हुद्दा, मोबाईल. मामींच्या नावाचं टॅग, मुलाची पुण्यातली कंपनी. कागद भरत आला तसे मामा पुढं वाकून बघायला लागले. मी विचारलं मामा, पिन काय ठेवला होता कार्डाचा? ते म्हणाले जन्मसाल.

मग बसून एकेक केलं. कॉमेंट काढून टाकली, स्कूटरचा फोटोही काढून टाकला, मित्रयादी आणि जन्मतारीख झाकली, मेळाव्याच्या आयोजकांना फोन करून ती पीडीएफ साइटवरनं काढायला लावली, त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती की ती यादी कुणालाही दिसते. हॅव आय बीन पोन्ड नावाच्या साइटवर ईमेल टाकून बघितला, एका जुन्या शॉपिंग साइटच्या फुटलेल्या माहितीत तो होता, आणि पासवर्ड सगळीकडं एकच, तो बदलला. फोटोचंही सांगते, फोनमधल्या फोटोत कधी कधी अक्षांश-रेखांश लपलेले असतात, २०१२ ला पोलिसांपासून लपत फिरणारा, मॅकाफी अँटिव्हायरस काढणारा जॉन मॅकाफी एका मासिकानं टाकलेल्या अशाच फोटोमुळं ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं होतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तशीच जाते.

व्हॉट्सॲपला सहा आकडी टू-स्टेप पिन लावला, लिंक्ड डिव्हाइसेस उघडून आपला नसलेला कुठला कॉम्प्युटर जोडलाय का बघितलं. संचारसाथी या दूरसंचार खात्याच्या साइटवर जाऊन मामांच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघितलं, दोनच होती, दोन्ही घरातली. पेन्शनच्या खात्याला आता यूपीआयच ठेवलेलं नाही, वेगळं छोटं खातं काढलंय, त्यात पाच हजारांच्या वर ठेवायचे नाहीत, दूध-भाजी त्यातनं.

एसएमएसच्या बाबतीत मात्र मामा माझ्यापेक्षा हुशार निघाले. मी सांगितलं की खऱ्या कंपनीचा मेसेज आला की नावाच्या आधी दोन अक्षरं असतात, मोबाईल कंपनी आणि सर्कलची, आणि २०२५ पासनं शेवटी एक अक्षर लागतं, जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारीला जी. मामा म्हणाले हे तर आमच्या गाडीवरच्या पाटीसारखं झालं, डेपोचं नाव एका बाजूला, जलद की साधी ते दुसऱ्या बाजूला. दोनच दिवसांत त्यांना ते पाठ झालं, आता मेसेज आला की आधी शेवटचं अक्षर बघतात आणि मामींना मोठ्यानं सांगतात.

ती रिफंडवाली लिंक, ओळखपत्र आणि नंबर आम्ही सायबरक्राइमच्या खऱ्या सरकारी साइटवर नवीन तक्रार म्हणून टाकले, तो व्हॉट्सॲप नंबर संचारसाथीच्या चक्षूवरही, म्हणजे संशयास्पद कॉल आणि मेसेज कळवायच्या जागी, कळवला. आठवड्यानं बघितलं तर साइट बंद होती. आमच्यामुळं झाली की त्यांनीच गुंडाळली, कळायला मार्ग नाही. त्यांनी दुसरं नाव घेतलेलं असणार.

अडकलेल्या १३,४०२ साठी कोर्टात अर्ज करायचाय, कागद तयार आहेत, फक्त पोलीस ठाण्याचं पत्र यायचं बाकी आहे. गुरुवारी पहिल्या दोन तासांची रजा टाकलीय, मामांना घेऊन जाणारे. आप्पाही येतो म्हणतायत.